खोली क्रमांक चार, लार्नाका

विमान चढतं न चढतं तोच उतरायला लागतं,
एवढंच अंतर बैरूतपासून आमच्या बेटापर्यंत.
पण तिथे लग्न करायचं तर आधी देव ठरवावा लागतो,
कुणाचा, ते.
म्हणून जोडपी येतात, हातसामानात इस्त्रीचे कपडे घेऊन,
आणि मी नगरपालिकेच्या खोली क्रमांक चारमध्ये
त्यांना नवरा-बायको करते.
एकतीस वर्षं झाली.
मी थेक्ला. गुडघा दुखरा, अक्षर चांगलं.

भिंतीवर पाटी आहे: तांदूळ उधळू नयेत, कबुतरं येतात.
तांदूळ सगळेच आणतात.
एकीने तर औषधाच्या बाटलीतून आणले होते.

गुरुवारी गिन्वा आणि तानियोस आले.
ती द्रूझ, डोंगरातल्या गावची. तो मारोनी ख्रिस्ती.
ती म्हणाली, आमच्यात बाहेर लग्न केलं
की घराच्या दाराला आतून कडी लागते.
तो म्हणाला, माझी आई आली असती,
पण पाद्री नाही म्हणजे तिच्या लेखी हा भाडेकरार.
मी म्हटलं, भाडेकरारात निदान
गळका नळ कुणी दुरुस्त करायचा ते लिहिलेलं असतं.
तो हसला. ती नाही.

साक्षीदार कमी पडत होता.
खालच्या टपरीवरून किकोसला बोलावलं.
दहा युरो आणि एक कॉफी, एवढ्यावर तो साक्ष देतो.
बिशपने पाहिली नसतील इतकी लग्नं पाहिलीत त्याने,
स्वतः बिनलग्नाचा.

फॉर्म भरताना मी उगाच विचारलं,
तिकडे गेल्यावर मूल झालं
तर त्याच्या नावापुढे बापाचाच पंथ लागणार ना?
मग इथवर कशाला?
गिन्वा म्हणाली, उद्या मोडलं
तर तुमच्याकडचा कायदा लागेल, वकिलाला विचारून आलोय.
लग्नाच्या दिवशी, पांढऱ्या कपड्यात,
मोडण्याचं इतकं शांतपणे बोलणारी मुलगी
मला आवडली. थोडी भीतीही वाटली तिची.

माझं लग्न अठ्ठ्याऐंशी सालचं.
तेव्हा हे टेबल परक्यांसाठी होतं,
आम्हा ऑर्थोडॉक्सांना चर्चवाचून वाट नव्हती.
रिबिनीने जोडलेले दोन मुकुट, मेजाभोवती तीन फेरे,
धुपाने लोइझोसला आलेली शिंक.
जे वाचलं गेलं ते जुन्या ग्रीकमध्ये. निम्मं कळलं नाही,
आणि खरं सांगू, न कळलेलं तेच टिकलं.
तो गेला त्याला सहा वर्षं.
मुकुट पलंगावर काचेच्या पेटीत आहेत,
रिबीन पिवळी पडलीय, सोडवायला हात धजत नाही.
पेन्शन मात्र ज्या कागदावर मिळतं
त्याला धुपाचा वास नाही.

सह्या झाल्या. शिक्का मारला.
सात मिनिटं.
गिन्वा उभीच राहिली. म्हणाली, झालं?
कुणी काही म्हणत नाही का?
कायद्यात म्हणायचं काही नव्हतं.
किकोसने माझ्याकडे पाहिलं, मी फाइलकडे.
आणि मग, का कोण जाणे,
तोच कागद मी पुन्हा वाचायला घेतला, मोठ्याने, सावकाश:
वधूचं नाव, तिच्या बापाचं, आईचं माहेरचं नाव,
गाव, जन्मतारीख;
वराचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या न आलेल्या आईचं.
नोंदवहीचा क्रमांकही वाचला.
तानियोसने मान खाली घातली होती.
किकोसने टोपी काढली,
जी तो कधीच काढत नाही.

नंतर जिन्यात तांदूळ पडलेच.

तीन वर्षांनी गिन्वाचा अर्ज आला,
दाखल्याची दुसरी प्रत हवी म्हणून.
'कारण' हा रकाना कोरा.
कोऱ्या रकान्याचा अर्ज परत पाठवायचा, असा नियम आहे.
पासपोर्ट, बाळ, वकील, आग लागलेलं घर,
एकेक करून मी सगळं मनात लिहून पाहिलं.
मग प्रत काढली, शिक्का मारला,
आणि रकान्यात, माझ्या चांगल्या अक्षरात,
एक आडवी रेघ ओढली.