पाचव्या रात्रीचा दोरा

पाणी आमच्याकडे पाचव्या दिवशी येतं.
दिवस ठरलेला, वेळ नाही.
कधी अडीच, कधी चार,
कधी तोटीतून नुसता वारा फुसफुसतो
आणि बायका म्हणतात, आलंच बघा आता.

पोशम्मा चिट्यालला ऐकू येत नाही.
वय विचारलं तर विड्यांत सांगते:
रोजच्या हजार धरा, पन्नास वर्षं धरा,
शिकलेले तुम्ही, करा गुणाकार.
मागच्या महिन्यात तिचं पाणी दोनदा हुकलं.
दोनदा म्हणजे दहा दिवस
शेजारणीच्या कळशीवर
आणि शेजारणीच्या तोंडावर.

आम्ही तिघं तंत्रनिकेतनचे, तिसऱ्या वर्षाचे,
प्रोजेक्टसाठी ‘ज्येष्ठ नागरिक’ शोधत आलेलो.
मुजाहिद, संगमेश, मी.
आधी बझर लावला.
गल्ली उठली, ती सोडून.
मग लाल दिवा, उघडझाप करणारा.
मोतीबिंदूतून तो तिला गड्ड्याच्या जत्रेतला वाटला,
छान होता म्हणाली, बघत बघत झोप लागली.
मग उशीखाली मोबाईलमधली थरथरती मोटर.
उंदीर समजून
तिनं उशीच दाराबाहेर फेकली.

चौथ्यांदा गेलो
तेव्हा मांडीवर सूप घेऊन ती वळत बसलेली.
पान, चिमूट, गुंडाळी, दोरा, गाठ.
नजर समोरच्या भिंतीवर,
बोटं आपली आपण चाललेली.
मी वहीत खरडत होते.
म्हणाली, काय लिहितीस गं एवढं?
डोळा गेला, कान गेला,
दोरा कळतोय की अजून.
एक वेढा कमी पडला तरी कळतंय.

संगमेशनं वही मिटली. माझी.

आता असं आहे:
नळाखाली डबा, डब्यात थर्माकोलचा तुकडा.
पाणी चढलं की तुकडा उचलतो, खिळा निसटतो,
खिळ्यावरचा दगड पडतो,
दगडाचा दोरा दाराच्या फटीतून आत,
खाटेच्या पायाला वळसा घालून
तिच्या उजव्या तर्जनीला.
दगड रस्त्यावरचा. दोरा तिचाच.

यात इलेक्ट्रॉनिक्स कुठाय, परीक्षकांनी विचारलं.
नव्हतंच.
शंभरात बेचाळीस मिळाले,
त्यातले दहा हजेरीचे.

नोंद घ्यायची म्हणून पाचव्या रात्री मी तिथंच झोपले.
तीन वाजून दहा मिनिटांनी दगड पडला असावा.
मला ऐकू आला नाही.
डोळे उघडले तेव्हा ती गल्लीत उभी,
पदर खोचलेला, दारं बडवत:
नीळ्ळु वच्चिनय! उठा, पाणी आलंय!
पहिलं दार त्या शेजारणीचं.
जरा जास्तच जोरात.

हंडे भरले, पिंप भरलं, बादलीत तोंड धुतलं.
उरलेला दोरा माझ्या बोटाला गुंडाळत
ती गाठ शिकवायला बसली.
एका हाताची, न बघता मारायची.
चार पाचव्या-रात्री झाल्या.
माझी अजून सुटते.