पासंग

गुरुवारी इन्व्हरनेसहून निघाले तेव्हा
व्हॅनच्या पोटात दोनशे किलो लोखंड
आणि शेजारच्या सीटवर, पट्टा लावून,
मखमली पेटीतली पितळी वजनं
किलोपासून ग्रॅमपर्यंत उतरत गेलेली,
एखाद्या लेकुरवाळ्या घराच्या फोटोसारखी.
त्यांना हात लावायचा तो हातमोजे घालूनच.
बोटांच्या घामालाही वजन असतं.

मी मापं तपासते.
उल्लापूलच्या धक्क्यावर मासळीचे काटे,
बोटीने पलीकडे लुइसला पेट्रोलचे पंप.
वीस लिटरच्या डब्यात ओतायचं, रेघ बघायची,
पुन्हा टाकीत ओतायचं.
मालक वाऱ्याबद्दल बोलत राहतो,
रेघेकडे बघत नाही.

रस्ता एका गाडीपुरता.
मधून मधून कडेला एक खोबण,
समोरून कोणी आलं की तीत शिरायचं, थांबायचं.
जाणारा स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो.
बोटच. हात नव्हे.
आपणही एक.
देणं-घेणं चुकतं.
एका मेंढीने तेवढी वीस मिनिटं दाद दिली नाही.
मी हॉर्न वाजवला नाही, वहिवाट तिची होती.

रविवारी सगळं बंद.
दोरीवर माझा एक मोजा शनिवारचा राहिलेला,
घरमालकीण मर्डिनाबाई तो न बोलता आत घेऊन आल्या.
"आज वाऱ्यालाही सुटी," एवढंच.
चर्चमध्ये एक म्हातारा ओळ टाकतो
आणि बाकीचे तिला आपापल्या चालीने गाठतात,
कोणी आधी, कोणी दम खाऊन.
गेलिक मला अर्धीच कळते.
आईने ती मोजूनमापून दिली,
रागावण्यापुरती.

हॅरिसच्या पूर्वेला नुसता खडक.
माती इतकी तोकडी की पूर्वी
मेलेल्यांनाही डोंगर ओलांडून पश्चिमेला न्यायचे.
पाऊस आडवा. मग उभा. मग ऊन,
आणि ओल्या पीटचा वास, जुन्या चहासारखा.

नॉर्थ उइस्टला लॉकलनचं दुकान.
दोन पारड्यांचा तराजू, पिढीजात, लखलखीत.
मी पितळी किलो ठेवला आणि दांडी कलली.
वजनाच्या पारड्याखाली हात घातला तर
डांबराने चिकटवलेलं एक बटण.
ते मी तोललं. पाच, दोन, दोन.
नऊ ग्रॅम.
म्हणजे दर खेपेला गिऱ्हाइकाला नऊ ग्रॅम जास्त.

"कधीपासून?"
"फ्लोरा गेली तेव्हापासून," तो म्हणाला.
"ती डोळ्याने द्यायची. थोडं वर, नेहमी.
मला तो डोळा नाही.
तिच्या कोटाचं आहे."

मापात पाप असतं हे मला शिकवलं होतं.
मापात पुण्य निघालं तर काय करायचं
त्याचं कलम नाही.
चूक ती चूक, इकडची असो की तिकडची.
बटण त्याने स्वतःच खरवडून काढलं,
पुसलं, वरच्या खिशात टाकलं.
दांडी सरळ झाली. मी शिक्का मारला.

तेवढ्यात एक पोरगा बटाटे घ्यायला आला.
दोन किलो, बरोबर, केसाचाही फरक नाही.
लॉकलनने माझ्याकडे पाहिलं
आणि माझ्याकडे पाहत पाहतच
आणखी एक बटाटा पिशवीत सोडला.
माझ्या पेटीची कडी
काही केल्या लागेना. मी पाठ करून
बराच वेळ तिच्याशी झटत राहिले.

बुधवारी लॉकमॅडीहून बोट, मग स्काय.
क्विरँगच्या चढावर समोरून पोस्टाची लाल गाडी.
मी लांबूनच खोबणीत शिरून थांबले होते.
जाताना त्याने बोट उचललं,
आणि मी, का कोण जाणे,
अख्खा हात.