चावीसोबत ठेवलेला कागद

नुरझात, चावी कोळशाच्या डब्यामागे आहे.
उलटी फिरव.

लॅपटॉप कपाटात शोधू नको.
नमद्यात गुंडाळून भट्टीपासून
दोन हात लांब ठेवलाय.
इथल्या थंडीत त्याची बॅटरी
चाळीस टक्के म्हणता म्हणता डोळे मिटते.
आधी ऊब दे, मग बटण दाब.
सकाळच्या पहिल्या तासाला पोरांचंही तसंच आहे.

इंटरनेट शाळेत नाही.
ते टेकडीवर असतं, पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला,
तीन पावलं मावतील एवढ्या जागेत.
रविवारी रात्री अकरानंतर जा,
अख्खं नारीन झोपलं की वेग येतो.
आठवड्याचे धडे एकदमच उतरवून आण.
तहान लागल्यावर विहीर खणणं एरवी ठीक,
पस्तीस पोरांपुढे नको.
व्हिडिओ सगळ्यात हलक्या दर्जाचे घे.
ज्वालामुखी धूसर दिसला तरी फुटतोच.

खिडकीतला हिरवा डबा म्हणजे आपलं ग्रंथालय.
अख्खा ज्ञानकोश आहे त्यात,
बराचसा रशियन, चिमूटभर किरगीझ.
त्याला फक्त वीज लागते.
फोन एका वेळी बाराच जोडायचे,
तेरावा जोडला की सगळ्यांचं अडतं.
तेरावा नेहमी सुयुन असतो.

टीव्ही मुख्याध्यापकांच्या मेव्हण्याचा.
त्यांच्याकडे लग्न निघालं की तो परत जातो,
तेव्हा तारखा आधी विचारून ठेव.
पुस्तकांच्या दोन चवडी, वर आडवी पट्टी,
पट्टीवर फोन पालथा, खाली मोड आलेली मटकी
नाहीतर मेलेला भुंगा.
वायर जोडली की मागच्या बाकापर्यंत
भुंग्याचे पाय पोचतात.

फाइलींना 'नवीन', 'नवीन दोन',
'अगदी शेवटची' अशी नावं देऊ नको.
मी दिली.
आता तिसरीचे गुण
'अगदी शेवटची खरंच'मध्ये आहेत.
आधी वर्ष, मग महिना, मग इयत्ता.
एक प्रत इथे, एक तुझ्या घरी, पिठाच्या डब्याजवळ.
छप्पर गळतं, आणि नेमकं टेबलावरच गळतं.

पासवर्ड माझ्या घोडीचं नाव होतं.
घोडी गावभर ओळखीची.
सातवीतल्या कुणीतरी स्वतःला गणितात
पाचपैकी पाच देऊन टाकले.
मी ते खोडले, पण कोण ते शोधलं नाही.
तू घोडी बदल.

भाषांतर करणाऱ्या यंत्रावर डोळे झाकून विसंबू नको.
त्यानं 'अपूर्णांक'चं 'अर्धवट माणूस' केलं
आणि पोरं आठवडाभर
एकमेकांना त्याच नावानं हाका मारत होती.

मुलांचे फोटो कुठेही चढवण्याआधी
त्यांच्या आयांना विचार.
गुलसानाची आई नाही म्हणेल.
कारण विचारू नको.

आणि चौथीतला बेकतेमिर.
तो वर्गात बोलत नाही.
त्याला फोन दे, रेकॉर्डरचं लाल बटण दाखव
आणि मागच्या तबेल्यात पाठव.
अकरा मिनिटांची फाइल येईल.
नऊ मिनिटं घोडा गवत चावत असतो.
मग बेकतेमिर त्याला पाव अधिक पाव समजावतो,
कुठेही न अडखळता.

एकदा जागा वाचवायला
मी ती नऊ मिनिटं कापली.
दुसऱ्या दिवशी त्यानं फाइल ऐकायला मागितली,
ऐकली,
आणि फळ्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं:
याच्या आधी तो बोलत होता, ते कुठे गेलं?

आता फोनमध्ये जागा नाही.
माझे लग्नाचे फोटो पुसलेस तरी चालेल.

चार्जरची पिन सैल आहे,
खाली काडेपेटी सरकवायची.
काडेपेटी रिकामीच घे.

बुरुलचा