पाच अक्षरांचा 'ए'

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला
रुबेतल्या जुन्या लोकरगिरणीच्या दुसऱ्या मजल्यावर
मी भूतकाळ शिकवते.
म्हणजे तो एक भूतकाळ,
जो कधी संपलं ते सांगत नाही.
फळ्याच्या वर भिंतीत लोखंडी कड्या आहेत,
कुठल्या यंत्राच्या, आता कुणालाच ठाऊक नाही.
हीटर ठकठकतो. खडू ओलसर लागतो हाताला.

कृती सोपी आहे, मी सांगते.
आजचं 'आम्ही' घ्या.
नू मार्शों, आम्ही चालतो.
त्याचं 'ओं' हे शेपूट कापा.
उरलेल्या बुंध्याला 'ए' लावा.
मार्शे. झालं. मी चालत असे.

'मी'च्या मागच्या दिवसांकडे जायला
आधी आजच्या 'आम्ही'त शिरावं लागतं
आणि मग ते तोडावं लागतं.
एकतीस वर्षं शिकवलं,
माझ्या लक्षात आलं नव्हतं.
यंदा आलं.

सेमहार विचारते, आणि 'संपणे'?
फिनिसों. फिनिसे. संपत असे.
म्हणजे संपलं नाही, मादाम?
माहीत नाही. संपत असे, एवढंच.
ती वहीत लिहून घेते, दोनदा,
दुसऱ्यांदा जरा जोर देऊन.

तुर्क्वँच्या वृद्धाश्रमात गेल्या महिन्यात
नवी नर्स फॉर्म भरत होती.
मस्यूंना काय आवडायचं?
रेमों दोन हातांवर पडून होता,
खिडकीकडे तोंड करून, डोळे उघडे.
आवडतं, मी म्हटलं.
आवडतं. कडू चिकरी, वर चीज भाजून.
आणि सायकलच्या शर्यती, पाऊस असला तर जास्तच.
तिने मान डोलावली
आणि तिला हवा तोच काळ लिहिला.

'ते'चा प्रत्यय लिहायला पाच अक्षरं लागतात.
बोलायला एकच 'ए'.
एकटा चालत होता की शंभर जण चालत होते,
कानाला कळत नाही.
कागदालाच तेवढं ठाऊक असतं.
ही गिरणी सुटायची तेव्हा
माझी आई गर्दीतून आली काय, एकटी आली काय,
जिन्यावर पावलं ऐकून मला नेमकी कळायची.
पण ते व्याकरण नव्हे.

एकच क्रियापद ऐकत नाही. 'असणे'.
त्याच्या 'आम्ही'ला ते शेपूटच नाही,
कापणार काय?
त्याला वेगळा बुंधा द्यावा लागतो. एत.
एते, एते, एते,
सगळा वर्ग घोकतो,
आणि बोईलरवाला लुसियँ खालून ओरडतो,
बकऱ्या आणल्यात का वर?

गृहपाठ होता, 'मी लहान असताना'.
झलमय मासळीच्या गोदामातून थेट येतो,
त्याच्या वहीलाही बर्फाचा वास.
लिहिलं होतं:
आमचं घर कालव्यापाशी होतं.
बाबा घड्याळं दुरुस्त करत.
माझा भाऊ मधमाश्यांना भीत असे.
आमच्याकडे पिंजरा होता, पोपट नव्हता.
माझ्या आईचं नाव झरमीना आहे.

चारही वाक्यं बिनचूक, पाचव्याला
माझं लाल पेन आपोआप खाली आलं.
'होतं' हवं. सगळं मागचं आहे, मागचंच हवं.
अर्धं वर्तुळ काढून झालं
तेव्हा हात थांबला.
ही चूक आहे की बातमी आहे?
विचारता येतं असं.
मी विचारलं नाही.
वीसपैकी वीस दिले, वही मिटली,
शेवटच्या ट्रामने घरी गेले.

पुढच्या मंगळवारी तो वही घेऊन टेबलाशी आला.
मादाम, हे अर्धं काय आहे?
काही नाही, मी म्हटलं, पेनातली शाई संपत होती.
त्याने माझ्याकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं.
फिनिसे, तो म्हणाला.

पेनासाठी आम्ही हा शब्द वापरत नाही.
पण उच्चार बरोबर होता.
शेवटचं अक्षर गिळायचं असतं.
त्याने गिळलं.