अर्धा स्वर खाली

गोळी सुरू केल्याच्या नवव्या दिवशी
केटलची शिट्टी चुकली.

इतकी वर्षं ती एकाच सुरावर उकळायची,
त्या सकाळी अर्धा स्वर खाली.
मग दाराची बेल,
मग ऐनारचं शिंकणं,
मग यानी चर्चची घंटा,
जणू रात्रीतून कोणीतरी
अख्ख्या तार्तू शहराचे पेच सैल करून गेलं.

नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी धरला.
तोही खाली.
पोलाद खोटं बोलत नाही.
म्हणजे मी.

मी पियानो जुळवते. एकोणतीस वर्षं झाली.
बाई, तुम्हाला काटा लागतच नाही का, असं विचारायचे लोक,
आणि मी नुसती हसायचे,
श्रीमंत माणूस हसतो तशी.

डॉक्टर माइरेने पडदा माझ्याकडे वळवला.
माझ्या डोक्याच्या एकोणीस रेषा.
आधी सगळ्या आपापल्या नादात,
बाजारात बायका बोलतात तशा,
मग एका क्षणी सगळ्या उभ्या,
एकदम,
एकाच ठेक्यात.

"हे तुमचं फेफरं," ती म्हणाली. "हे एकमत."

एकमत मला माहीत आहे.
शाळेच्या सभागृहात सगळे हात एकदम वर जायचे,
मोजायचेही नाहीत कोणी.

"गोळी कोणाला गप्प करत नाही, हेल्वी.
पेशीला एक दार असतं, ओरडून झालं की मिटतं.
गोळी ते जरा उशिरा उघडू देते.
तेवढ्या वेळात शेजारणीची हाक
विरून जाते."

आणि माझा अर्धा स्वर?

ती पेनाचं टोपण काढत-घालत राहिली.
क्वचित होतं, म्हणाली.
तुमचा कान असा नसता तर तुम्हाला कळलंही नसतं.
दुसरी एक गोळी आहे,
तिच्याने सूर जागेवर राहतात,
पण काहींना शब्द सापडेनासे होतात.

बाहेर नदीवर बर्फ होता, मधोमध काळी भेग.
घरी जाऊन मी ऐनारला म्हटलं,
जग कोमल झालंय.
तो म्हणाला, बरं झालं की.
त्याला वाटलं, मी माणसांबद्दल बोलतेय.

गुरुवारी ओतेपाची शाळा.
तिथला पियानो दमट खोलीत हिवाळा काढलेला.
मी काटा वाजवला, आणि त्याने जे म्हटलं ते
ऐकलं नाही, मानलं.
पहिली तार त्याच्या हवाली केली.
मग दुसरी तिच्या जवळ आणत गेले,
आणि दोघींच्या मध्ये ती उठली,
ती जुनी थरथर,
व्हूंव, व्हूंव, व्हूंव,
जवळ येऊ तशी संथ होणारी.

ती होती!
तशीच होती.
थरथर स्वराचं नाव विचारत नाही,
ती फक्त दोघींमधलं अंतर सांगते.

दुपारपर्यंत मोजत बसले.
एक गोष्ट शिकाऊ पोरांना पटवताना माझा घसा बसतो:
पंचम कधी पूर्ण मिटवायचा नाही.
कणभर हलता ठेवायचा.
एक पंचम अगदी शुद्ध करशील
तर बाकीचे सूर घरं सोडतील.

पान्यावर हात तसाच राहिला माझा.

शाळेचा शिपाई दारात उभा,
कुलूप घेऊन.
झालं का?
झालं, म्हटलं, एवढंच राहिलंय,
आणि शेवटचा पंचम
जरासा वाईट करून ठेवला.

आठ वाजता गोळी. पाण्याबरोबर.
खिडकीतून घंटा,
अर्धा स्वर खाली.
घंटेला काही झालेलं नाही.
ऐनार विचारतो, आता कशी वाजली?
मी सांगते, तुझी सांग आधी.