पाणी कोण टाकतं

गोळीबार चौकात गजू हेडाऊचं कूलरचं दुकान.
एप्रिलात तिथं पाय ठेवायला जागा नसते.
मोटारींच्या खोक्यांवर, उलट्या टाक्यांवर बसून
आम्ही एका राजाच्या मरणाचा तपास करायचो.

राखेच्या मुलखाचे पाच खंड.
चौथ्याच्या शेवटी राजा बुरुजात शिरतो,
दार आतून लावतो, संपलं.
सहावा खंड अकरा वर्षं येतोच आहे.
तेवढ्यात लोकेश परातेला टक्कल पडलं,
इफ्तेखारनं मुलीचं नाव राजाच्या घोडीवरून ठेवलं,
बायकोला अजून सांगितलेलं नाही.

गजू वाचायचा फुटपाथवरचा मराठी अनुवाद.
त्याच्या चौथ्या खंडात शेवटची आठ पानंच नव्हती,
म्हणजे राजा गेला ते त्यानं वाचलेलंच नाही.
टिनाला भोक पाडता पाडता एकदा म्हणाला,
‘राजा जित्ता आहे.’

‘कायच्यावरून बे?’

‘पाचवा खंड, पान दोनशे बारा.
सात महिने बंद बुरूज. शिपाई दार फोडते,
अन् वास कायचा येते? ओल्या गवताचा.
आता मले सांग, मे महिन्यात
कुलूप लावलेल्या घरातून ओल्या खसचा वास आला
तर तू काय समजशील?
कोणीतरी पाणी टाकून राहिलं न भाऊ.’

आम्ही हसलो. अनुवादकाची डुलकी, म्हणालो.
फक्त उत्क्रांती मेश्राम घरी गेली, मूळ पुस्तक काढलं,
दुसऱ्या दिवशी पट्टीनं आखलेली ओळ
गजूसमोर धरली. गवत. ओलं.
गजूनं त्या दिवशी तिच्या कूलरची मोटर फुकट भरून दिली.

मग आला घनगर्जचा तिसरा सिनेमा.
नावांची यादी संपेपर्यंत आम्ही खुर्चीला चिकटून,
झाडूवाला पायाशी येऊन थांबलेला,
आणि अगदी शेवटी, रिकाम्या गल्लीत पडलेला मोजा,
त्याची बोटं हलली.
कोणाचा हात?

लोकेशनं पाची बोटांत पोंगे घातले
आणि तो मोजा करून दाखवला.
घनगर्जचाच, करंगळी वाकडी आहे बघ.
उत्क्रांती म्हणाली, नाही,
दुसऱ्या सिनेमात कंदील धरणारी ती पोरगी, तिचा.
‘पोरगी काऊन असंल?’ लोकेशनं विचारलं,
आणि पोंग्यांच्या बोटांनी टाटा केला.
सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो.
तिनं आपली पुस्तकं उचलली. पाच खंड,
हातात मावत नव्हते,
मदत करायला कोणी उठलं नाही.

दोन वर्षांनी चौथा सिनेमा लागला.
हात त्या पोरीचाच निघाला.
आम्ही चौघं पॉपकॉर्न चावत राहिलो,
इतका वेळ की पुढचं काही ऐकू आलं नाही.
फोन कोणी केला नाही. ती बंगळुरात असते म्हणे,
घर बंद असतं.

परवा दुपारी दोनला प्रतापनगरातून जात होतो.
सेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर कुत्रंही नाही,
तोंडाला दुपट्टा बांधलेला,
तरी दुपट्ट्यातून आला.
ओल्या खसचा वास.

तिच्या गेटला कुलूप.
खिडकीतल्या कूलरखाली सिमेंटवर
परातीएवढा काळा ओलावा.

मी बेल वाजवली नाही.
चौकातून पोंग्यांची पुडी आणली,
पिशवीला गाठ मारून गेटच्या कडीला अडकवली.
चिठ्ठी काय लिहायची ते सुचेना.

संध्याकाळी पुडी नव्हती.

लोकेश म्हणतो, गाईनं खाल्ली असेल.
इफ्तेखार म्हणतो, गाय कडीपर्यंत पोचत नाही,
बकरी म्हण.
आता यावर रोज दोन-दोन तास जातात.

गजू मात्र पाना खाली ठेवतो, माझ्याकडे बघतो,
‘पिशवी कुठं आहे?
गाठ सोडलेली होती का फाटलेली?’