टाचा

संबोधी नंदेश्वर, वय तीन वर्षे दोन महिने,
चवड्यांवर चालते.
टाच जमिनीला लागतच नाही,
जसं काही खाली मे महिन्याचं डांबर आहे.

मी रजिस्टर उघडलं.
दोन्ही पाय उचलून उडी : नाही.
एका पायावर तोल : नीट पाहिलं नाही.
चेंडूला लाथ : चेंडू मांडीवर घेऊन बसते.
शेऱ्यात लिहिलं, मेडिकलला दाखवावे,
आणि पेनाला टोपण लावता लावता वाटलं,
आधी घर पाहून येऊ.

रामबागेत, नाल्याच्या अंगाला, एक खोली.
दाराला पडदा. आत बापाची झोप.
बुटीबोरीची रात्रपाळी करून
साडेसातला उतरलेला प्रफुल
कूलरसमोर आडवा,
आणि त्याच्या उशाशी वळसा घालून
ती गेली, चवड्यांवर,
काठोकाठ गिलास दोन्ही हातांत धरून.
थेंब सांडला नाही.

पायांत दोष?
एवढा तोल माझ्या अख्ख्या अंगणवाडीत
कोण्या पोट्ट्याच्या पायांत नाही.
आई हळूच म्हणाली,
"लय गुणाची आहे बाई. आवाजच नाही करत."

गुणाची.
हा शब्द मीही किती लेकरांच्या अंगावर चढवला असेल,
भर उन्हाळ्यात स्वेटर चढवावं तसा.

दुसऱ्या दिवशी खडूनं रेघा ओढल्या
दारापासून हातपंपापर्यंत.
या रेघेवर बेडूक, त्या रेघेवर हत्ती.
हत्ती धप्प वाजला पाहिजे,
नाहीतर तो हत्ती कशाचा!
अल्फिया वाजली. तन्मय तर पडून वाजला.
संबोधी रेघेशी येऊन थांबली,
आधी माझ्याकडे, मग दाराकडे पाहत म्हणाली,
"कोणी झोपून राहिलं का?"

नाही गं माय.
इथं कोणीच झोपलेलं नाही.

तरी आठवडा गेला.
रेघा रोज पुसल्या जायच्या, रोज ओढायची मी.

प्रफुलच्या सुट्टीच्या दिवशी त्याला बोलावलं.
डोळे लाल, शर्टाला सुताची कुसं.
"काऊन बोलावलं बाई? काही केलं का तिनं?"
काही नाही केलं, तेच तर.
पण हे बोलले नाही,
त्याला हत्तीच्या रेघेवर उभं केलं.

एवढा मोठा माणूस. चप्पल काढली,
इकडंतिकडं पाहिलं, लाजला,
आणि धप्प.

पोट्टे लोळले हसून.
संबोधी नुसती त्याच्या पायांकडे बघत होती,
हे पाय वाजतात
हे तिला आजच कळत होतं.

मग तिनं मारली.
आवाज फार नव्हता,
अंगणात पिकली चिंच पडावी एवढा.
पण टाचा दोन्ही टेकल्या.

मेडिकलचा शेरा मी खोडला नाही,
एकदा दाखवूनही घेऊ.
त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं,
घरी दुपारी चारनंतर
आवाजाला परवानगी मिळाली आहे.

सुपरवायझर मॅडम विचारतील,
हे कोणत्या रकान्यात बसतं.